घडीची विजेची सायकल : घ्यावी की नको?



पनवेल हे हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक. मुंबईच्या आणि ठाण्याच्या लोकल इथूनच सुटतात, त्यामुळे गाडीत शिरायला आणि कधी कधी बसायलाही मिळते. खरी ओढाताण होते ती त्याआधी, घर ते स्थानक या दोन-तीन किलोमीटरांत. अशा घरात एके दिवशी जाहिरात येते : विजेवर चालणारी, घडी घालून गाडीत नेता येणारी स्वस्त सायकल! आणि तुम्ही विज्ञान शिकता म्हणून वडील किंवा आई तुम्हालाच विचारतात, “काय रे, घ्यावी का?”

माझे मत आधीच सांगतो. जाहिरातीतले आकडे खोटे असतात असे नाही. पण आपल्याला हवे असलेले आकडे त्यात बहुधा नसतात. ते आपणच काढायचे.

प्रथम विजेचा हिशेब पाहू. समजा, बॅटरी 36 व्होल्टची आणि 7.8 अँपिअर-तासांची आहे. दोहोंचा गुणाकार सुमारे 280 वॅट-तास, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पायडल न मारता सपाट रस्त्यावर किलोमीटरला 12 वॅट-तास लागतात असे धरा. मग एकदा चार्ज केल्यावर सायकल 23 किलोमीटर जाईल. स्थानकापर्यंत जाऊन-येऊन 6 किलोमीटर धरले, तर रोजची वीज 72 वॅट-तास. युनिटला दहा रुपये मोजले तरी हा खर्च रुपयाच्या आतबाहेरच!

म्हणजे वीज जवळजवळ फुकट. पण सायकल फुकट नाही. ती 35,000 रुपयांची आहे, पाच वर्षे टिकते आणि वर्षाला 250 दिवस वापरतो असे समजा. भागाकार करा : दिवसाला 28 रुपये. शिवाय काही शेकडो वेळा चार्ज झाल्यावर लिथियम बॅटरीची क्षमता घटत जाते; नुसती ठेवली तरी उन्हाळ्याच्या उष्म्याने ती म्हातारी होतेच. तेव्हा मधे एका नव्या बॅटरीचे पैसेही धरा आणि मग ही रक्कम तुमच्या रोजच्या रिक्षाभाड्याशी ताडून पाहा.

आता वजन. हलक्या सायकली महाग असतात. स्वस्त सायकलीत सांगाडा, मोटर आणि बॅटरी मिळून 20 किलोग्रॅमच्या आसपास भार होतो. स्थानकाचा पूल 6 मीटर उंच धरला, तर ती वर नेण्यासाठी 20 × 9.8 × 6, म्हणजे 1,176 ज्यूल कार्य करावे लागेल. बॅटरीत तर सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा आहे. मग एवढ्याशा कार्याचे काय मोठे?

इथेच कागद आणि हात यांत फरक पडतो. ओझे नुसते धरून उभे राहिलात तर पुस्तकी अर्थाने कार्य शून्य. तरीही हात भरून येतो, कारण ते धरून ठेवण्यासाठी स्नायूंचे तंतू सारखे आकुंचन पावत असतात आणि ऊर्जा खर्च होत असते. घरच्या घरी परीक्षा घ्या. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलोग्रॅम. जो सायकल नेणार आहे त्या मोठ्या माणसानेच तेवढ्या पाण्याची झाकण लावलेली कॅन एका हातात आणि कामाची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन दोन मजले चढून पाहावेत. उत्तर जाहिरातीपेक्षा लवकर मिळेल.

तिसरा प्रश्न चाकाचा. घडीसाठी चाक लहान असते. 20 सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यावर 20 सेंटिमीटर त्रिज्येचे चाक सुमारे 2.7 सेंटिमीटर खाली जाते. 35 सेंटिमीटर त्रिज्येचे मोठे चाक जेमतेम 1.5. पायथागोरसचा सिद्धांत वापरून हे तुम्ही वहीत पडताळू शकता, आणि जुलै महिन्यात रस्त्यावरही! पावसाळ्यात आणखी एक ध्यानात ठेवा : मोटरीने पाण्याचे शिंतोडे सोसणे वेगळे आणि तुंबलेल्या पाण्यातून जाणे वेगळे.

मग ही सायकल कुणी घ्यावी? गाडीतून उतरल्यावरही ज्याला पुढे दोन-तीन किलोमीटर जायचे आहे, जो गर्दीची वेळ टाळू शकतो, ज्याला वीस किलो उचलवतात आणि एवढे सामान गाडीत नेण्याचा नियम ज्याने रेल्वेकडे विचारून घेतला आहे, त्याने जरूर घ्यावी. ज्याचे गुडघे दुखतात, पण जो सायकल स्थानकावरच ठेवणार आहे, त्याला विजेची हवी, घडीची नको. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि इतर ठराविक अटी पाळणाऱ्या अशा सायकलीला आपल्याकडे वाहन परवाना लागत नाही, हीही सोय आहे. बाकीच्या धडधाकट माणसांना तीन किलोमीटरांसाठी साधी सायकल आणि एक भक्कम कुलूप पुरे. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न!

“पण सायकल स्थानकावर ठेवायची कुठे?” असे तुम्ही विचाराल. मित्रहो, खरे दुखणे हेच आहे. सायकल चोरीला जाईल या धास्तीने माणूस ती घडी घालून बरोबर वागवतो. रोज वीस किलो वाहण्याची ही शिक्षा प्रत्येकाने एकेकट्याने का सोसावी? छप्पर आणि पहारा असलेला एक सायकलतळ हजारोंचे ओझे उतरवील.

तेव्हा शिक्षकांबरोबर एका सकाळी तुमच्या स्थानकाबाहेर उभे राहा. किती सायकली येतात, किती जागा आहे आणि किती सायकली कुंपणाला बांधलेल्या आहेत, ते मोजा. तो तक्ता नगरपालिकेला किंवा महानगरपालिकेला आणि रेल्वेला पाठवा. सायकल घ्यायची की नाही हे घरात ठरेल. पण मोजून बोलायची सवय मात्र आजपासूनच लावून घ्या.