तीन नखांचा रूममेट

पाळीव प्राणी तर हवाय. पण कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजर म्हटलं की सोसायटीचे सेक्रेटरी नाक मुरडतात आणि गोल्डफिशकडे बघून चौथ्या दिवशी कंटाळा येतो. सकाळी नऊला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या वन बीएचकेवाल्या पब्लिकचा हा कॉमन प्रॉब्लेम! त्यावर काही ॲक्वेरियमवाल्यांकडे एक भन्नाट उत्तर असतं. काचेच्या टाकीत हातपाय पसरून तरंगणारा, चेहऱ्यावर कायम मंद हसू असलेला... बेडूक.

‘शी!’ म्हणू नका. पावसाळ्यात ‘डराव डराव’ करून आपली झोप उडवतो तो हा नव्हे. हे महाशय आयुष्य पाण्यातच काढतात. नाव आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, शास्त्रीय नाव झेनोपस लेव्हिस, मूळ गाव आफ्रिकेच्या दक्षिण भागात. मागच्या पायांच्या तीन-तीन बोटांना नखं, म्हणून ‘क्लॉड’. जीभ नाही, पापण्या नाहीत. घास दोन्ही हातांनी तोंडात कोंबायचा, आपण लग्नाच्या बुफेत पाणीपुरी कोंबतो तसा. श्वासासाठी मात्र फुप्फुसं, त्यामुळे मधूनमधून वर येऊन हवा गिळायची आणि पुन्हा तळाशी जाऊन ध्यान लावायचं.

दिसायला भोळा असला तरी याचा बायोडेटा तुमच्या-माझ्यापेक्षा तगडा आहे. १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की गर्भवती बाईच्या लघवीचं इंजेक्शन या बेडकीला दिलं तर ती काही तासांत अंडी घालते. झालं! घरोघरी प्रेग्नन्सी किट येण्याच्या कितीतरी आधी ‘गुड न्यूज’ सांगायचं काम ही बेडकी करत होती. जॉन गर्डन यांनी याच जातीवर क्लोनिंगचे प्रयोग केले आणि २०१२मध्ये नोबेल मिळवलं. १९९२मध्ये तर एन्डेव्हर यानातून ही मंडळी अंतराळातही जाऊन आली. आपला पासपोर्ट अजून कोराच आहे, बॉस!

माझ्याकडे आहे त्याचं नाव अण्णा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. तो आला ऑफिसातल्या एका मित्राकडून. मित्राने दुकानातून नाण्याएवढं पिल्लू आणलं होतं. दुकानदार म्हणाला, ‘ड्वार्फ फ्रॉग आहे, एवढाच राहतो.’ मित्राने त्याला सहा गप्पी माशांबरोबर ठेवलं. अण्णा वाढत गेला, गप्पी कमी होत गेले. महिन्याभरात टाकीत फक्त अण्णा उरला!

हा घोळ नेहमीचा आहे, म्हणून फरक ओळखायला शिका. खरा ड्वार्फ फ्रॉग वेगळ्या जातीचा, जेमतेम दीड इंचाचा, आणि त्याच्या पुढच्या हातांच्या बोटांमध्येही पडदा असतो. क्लॉड फ्रॉगच्या हाताची बोटं सुटी असतात आणि मादी चार-पाच इंचांपर्यंत वाढते. तोंडात मावेल ते सगळं अन्न, एवढा साधा हिशोब त्याच्याकडे असतो. तेव्हा त्याच्यासोबत मासे ठेवायच्या भानगडीत पडू नका. ड्वार्फचं उलट. तो बिचारा इतका सावकाश जेवतो, की मासे त्याच्या ताटातलं पळवतात आणि तो उपाशी राहतो. त्याला ड्रॉपरने अगदी तोंडासमोर खाऊ द्यावा लागतो.

आता मेन्यू. मोठ्या क्लॉड फ्रॉगला आठवड्यातून दोन-तीनदा जेवण पुरतं. पिल्लांना मात्र रोज. अण्णाचा रोजचा फंडा म्हणजे तळाशी बुडणाऱ्या पेलेट्स. चेंज म्हणून फ्रोझन ब्लडवर्म, स्वच्छ धुतलेलं गांडूळ किंवा न शिजवलेल्या, बिनमिठाच्या कोळंबीचा बारीक तुकडा. एका वेळेला त्याच्या डोक्याएवढा ढीग, बस्स. तो आणखी मागतो. मागतच राहतो. त्याच्या चेहऱ्याकडे बघून विरघळायचं नाही, कारण हा बेडूक भूक नसतानाही खातो आणि फुग्यासारखा फुगतो. चरबीवालं मटण बंद. गटाराच्या पाण्यात वाढलेले जिवंत ट्युबिफेक्स स्वस्त मिळतात, पण सोबत रोगराई घेऊन येतात. पंधरा-वीस मिनिटांत जे खाल्लं नाही ते काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

आणि हे जेवण बघण्यासारखं असतं! पेलेट पाण्यात पडली, की अण्णा डोळ्यांनी शोधत बसत नाही. त्याच्या अंगावर टाक्यांसारख्या दिसणाऱ्या बारीक रेषा आहेत. पाण्यातली हालचाल त्यांनी कळते, शिवाय वासाचं नाक तिखट. मग हातांचे पंखे सुरू. पेलेट, दगड, माझं बोट... जे लागेल ते तोंडाकडे! म्हणूनच टाकीत बारीक खडी नको, ती पोटात जाते. तळ मोकळा ठेवा, नाहीतर गिळता येणार नाहीत असे मोठे गोटे टाका.

टाकी एका बेडकाला साधारण ४० लिटरची. वर घट्ट झाकण, कारण उडी मारून पळण्यात तो पटाईत आहे. पाण्याच्या वर मात्र श्वासाला जागा सोडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून ॲक्वेरियमवाल्यांकडे मिळणारं क्लोरीन काढायचं औषध वापरायचं. फिल्टर हवा, पण मंद प्रवाहाचा. अंगावरच्या त्या रेषांमुळे जोराचा झोत त्याला म्हणजे आपल्या कानाशी सतत चाललेला मिक्सर. पाणी १८ ते २२ अंशांचं आवडतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत तो मजेत आणि एप्रिल-मेमध्ये टेन्शन मला. टाकी उन्हापासून लांब, सगळ्यात गार खोलीत, वर छोटा पंखा. आणि हो, पाण्यात हात घातला की साबणाने धुवायचे. टाकी किचनच्या सिंकमध्ये धुवायची नाही. बेडकांबरोबर साल्मोनेला येऊ शकतो, घरात लहान मूल असेल तर डबल काळजी.

रात्री अण्णा पाण्याखाली गातो. घड्याळाला किल्ली द्यावी तशी किरकिर. संशोधकांनी नोंदवलंय, की मादी तयार असेल तर टकटक असं उत्तर देते आणि नसेल तर हळू टिकटिक करते. किती सोपं! ‘सीन’ करून रिप्लाय न देणारे आपणच.

इथपर्यंत सगळं मजेचं. आता मुद्द्याचं. मित्राची हैदराबादला बदली झाली, तेव्हा तो मला म्हणाला, “अगं, पाषाणच्या तळ्यात सोडून देऊ का? बेडूकच तर आहे!”

मी अण्णाला घरी आणलं ते या वाक्यामुळे. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, सिसिली... इतक्या ठिकाणी हे बेडूक सुटले, सोडले गेले आणि तळ्यांचे मालक होऊन बसले. स्थानिक बेडकांची पिल्लं, किडे, मासे, सगळं फस्त. शिवाय जगभरातल्या बेडकांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी हा अंगावर बाळगू शकतो आणि स्वतः ठणठणीत राहतो. आपल्या उशाशी सह्याद्री आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत असे बेडूक तिथल्या ओढ्यांत राहतात. ज्याला आपण ‘बिचाऱ्याला मोकळं केलं’ म्हणतो, ते त्यांच्या घरात आग लावणं ठरू शकतं.

कारण हा पाहुणा लवकर जात नाही. नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज, कधी त्याहून जास्त. आपल्या पिढीची नोकरी दोन वर्षांत बदलते, फ्लॅट अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर असतो. अण्णा आता पाच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात मला बंगळुरूची ऑफर आली तेव्हा पगार, भाडं आणि आईची तब्येत यांच्या खाली मी चौथा मुद्दा लिहिला, ‘अण्णा’. घरचे हसले. मी मात्र गुगलवर बंगळुरूचं तापमान बघून ठेवलंय, झाकणाला भोकं पाडलेला डबाही आणलाय. गेले तर तो माझ्यासोबत कारमधून येणार.

तेव्हा दोस्तहो, या वीकेंडला दुकानात तो हसरा चेहरा दिसला, तर किंमत विचारू नका. ती परवडणारीच असेल. आधी स्वतःला विचारा, की पंधरा वर्षांनी मी कुठे असेन? उत्तर काहीही असू दे. त्या उत्तरात एका टाकीपुरती जागा असेल, तरच पाकीट काढा.