देण्याला वारस, येण्याला बेवारस



बाप गेला की तेरावा होत नाही तोच सोसायटीचा सचिव ओट्यावर येऊन बसतो. वारस किती, कोण कुठे असतो, त्याला सगळे तोंडपाठ. सातबाऱ्यावर बोजा चढलेलाच असतो. देण्यासाठी वारस लगेच सापडतो.

आता याच बापाने बहात्तरच्या दुष्काळानंतर कपाशी-ज्वारीला रामराम ठोकून पिंपरी-चिंचवड गाठलेले असते. भोसरीच्या कारखान्यात पंधरा वर्षे काढली, पगारातले चार पैसे तिथल्या बँकेत टाकले आणि म्हातारपणी गावी परतला. त्या पैशाला मात्र वारस सापडत नाही! दहा वर्षे कोणी फिरकले नाही की २०१४ सालच्या योजनेप्रमाणे ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. व्याजाच्या ठेवीवर तिथे मिळते साधे ३ टक्के. आपल्या थकीत कर्जावर किती चढते ते तुम्हाला सांगायला नको.

तो पैसा बुडालेला नाही. निधीत गेला तरी वारसाचा हक्क संपत नाही. अर्ज मूळ बँकेकडेच करायचा. खाते कुठे होते हे ठाऊक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर बापाच्या नावाने शोधता येते. ते २०२३ साली सुरू झाले. चाकणला कामाला असलेल्या पोराच्या मोबाइलवर जमते, एजंटाला टक्का द्यायचे कारण नाही.

बँकेत गेलात की पहिला दगड येतो तो ‘कोर्टातून वारस दाखला आणा’ हा. नॉमिनी लावलेला असेल तर त्याची गरज नाही. नॉमिनी नसला, भाऊबंदकीचा वादही नसला, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, साध्या कागदांवर पैसे द्यायचे आहेत. कागद पुरे झाल्यावर मुदत १५ दिवसांची. मॅनेजरकडून नकार लेखी मागा. तोंडी नकाराला पुरावा नसतो, हे त्याला चांगले कळते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कर्ते जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या संपत्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शेअरवर नॉमिनी लावला म्हणून इतर वारसांचा हक्क जात नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर हिंदू वारसा कायद्याने त्याची आई, बायको, मुलगा, मुलगी सारख्या वाटेकरी. हे सरकारला ऐकवण्याआधी आपणच ऐकले पाहिजे. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायला आपण सचिवाच्याही आधी पोचतो.

प्रॉव्हिडंट फंडाची गोष्ट आणखी वाईट. ज्या चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला गेला, तिथे आज कोरडवाहू मुलखातली पोरे ठेकेदाराकडे राबतात. ठेकेदार पळाला तरी फंड भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर असते. नोकरीत असताना माणूस गेला तर फंडाबरोबर ७ लाखांपर्यंत विमा आणि विधवेला पेन्शन आहे. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट मृत्यूला लागत नाही. घरच्यांना हे कोणी सांगत नाही. प्रेत गावी पाठवायला गाडी करून दिली की ठेकेदाराचे कर्तव्य संपते.

उलट्या बाजूने, बापाचे कर्ज वारसाकडून वसूल होते ते वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतेच. पोराच्या चाकणच्या पगारावर सचिवाचा डोळा असेल तर तो त्याने काढून घ्यावा.

आमची मागणी सरळ आहे. कर्जाची नोटीस बजावायला बँकेला ज्या गावाचा पत्ता सापडतो, त्याच पत्त्यावर तिने ठेवीचीही नोटीस पाठवावी. दहा वर्षे वाट बघू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातली पत्र्याची पेटी उघडून या. जुने पासबुक, पगाराची चिठ्ठी, फंडाचा नंबर, विम्याची पावती, जे सापडेल ते आणा. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, बहिणींसकट, सोबत असू द्या. अर्ज तिथेच बसून लिहू.