खोट्या लेबलांच्या औषधांवर कारवाईसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. सह आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, पुणे
प्रत : मा. तहसीलदार, मावळ, मा. मुख्याधिकारी, लोणावळा नगरपरिषद

महोदय,

मावळ तालुक्यातील परवानाधारक औषध विक्रेत्यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. आम्ही खरेदीची बिले जपतो, नोंदणीकृत फार्मासिस्ट ठेवतो आणि तपासणीला सामोरे जातो. खोटे लेबल छापणाराही औषधविषयक कायद्यांच्या कक्षेत यावा, यासाठी पुढील मागण्या आहेत.

१. लेबलवरील दावे. मधुमेह, मुतखडा, संधिवात ‘मुळापासून बरा’ करण्याचे दावे बाटल्यांवर सर्रास छापले जातात. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा लेबल व वेष्टनालाही जाहिरातच मानतो. तेव्हा वेगळी जाहिरात सापडण्याची वाट न पाहता लेबलवरूनच गुन्हा नोंदवावा.

२. यात्रा व बाजार. आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही, बनवायला लागतो. या फटीतून बेनामी माल रस्त्यावर येतो. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्री यात्रा, पावसाळ्यातील शनिवार-रविवारचे लोणावळा आणि तालुक्यातील आठवडे बाजार येथे औषध निरीक्षक, पोलीस व स्थानिक संस्थेने संयुक्त तपासणी करावी. उत्पादकाचे नाव-पत्ता व परवाना क्रमांक नसलेला माल जागीच जप्त करावा.

३. छुपी भेसळ. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांत स्टिरॉइड आढळल्याची उदाहरणे आहेत. अशा नमुन्यांची स्टिरॉइड व वेदनाशामकांसाठीही चाचणी व्हावी.

४. अहवालाची मुदत. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन गोळ्यांचा अहवाल डिसेंबरमध्ये आला. गोळ्यांत औषध नव्हते आणि लेबलवरची कंपनीही अस्तित्वात नव्हती. निरीक्षकाच्या आदेशाने संशयित साठा २० दिवसांपर्यंत रोखता येतो. म्हणून प्राथमिक निष्कर्ष त्या २० दिवसांत आणि अंतिम अहवाल ६० दिवसांत मिळावा.

५. जबाबदारी. परवानाधारकाकडून खरेदी केलेला, नीट साठवलेला आणि ज्यातील दोष रास्त काळजी घेऊनही कळला नसता, अशा मालाबाबत १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम १९(३) विक्रेत्याला संरक्षण देते. तपास बिलावरून वितरकाकडे व तेथून उत्पादकापर्यंत न्यावा. बिलाविना माल ठेवणाऱ्या सभासदासाठी आम्ही सवलत मागत नाही. त्याच्यावर जरूर कारवाई करावी.

६. सूचना. अप्रमाणित ठरलेल्या बॅचची माहिती २४ तासांत मराठीतून प्रत्येक दुकानाला मिळावी आणि वितरकाने तो माल परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

यांतील एकाही मागणीसाठी नवा कायदा नको. प्रयोगशाळेला मनुष्यबळ लागेल, तेवढी तरतूद शासनाने करावी. प्रत्येक संयुक्त तपासणीला पंच म्हणून एक फार्मासिस्ट देण्यास आम्ही तयार आहोत.

सभासद पुरेसे थांबले आहेत. मागणीनिहाय निर्णय व अंमलबजावणीच्या तारखा ३० दिवसांत लेखी कळवाव्यात. मुदत उलटल्यास हेच मागणीपत्र मा. आयुक्तांकडे व मा. मंत्र्यांकडे सुनावणीसाठी नेले जाईल.

अध्यक्ष व सचिव
मावळ तालुक्यातील औषध विक्रेत्यांच्या वतीने