पडवीला जोडलेली खोली

मराठी साहित्याला ढासळत्या घराचे मोठे आकर्षण आहे. आढे वाकते, वारस शहरात जातात आणि समीक्षेला एक प्रतीक मिळते. एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ शिकवताना प्रस्तुत लेखकानेही या प्रतीकाचा यथेच्छ उपयोग केला आहे. मात्र राहत्या घराला एक खोली जोडण्याची वेळ आली, तेव्हा ही सारी परिभाषा निरुपयोगी ठरली.

राजापूर तालुक्यातले आमचे घर जांभ्याचे, मंगलोरी कौलांचे. आईला आता न्हाणीघरासाठी अंगण ओलांडवत नाही. मागच्या पडवीला लागून तिच्यासाठी खोली हवी होती. दादाचे म्हणणे, स्लॅबच घाला. त्याचा आक्षेप वाळवीचा आणि सुताराच्या मजुरीचा होता, म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तरीही मी लाकडाचा आग्रह धरला, आणि तो स्मरणरंजनापोटी नव्हे. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला काँक्रीटचा जड सांगाडा चिकटवला, की दोन्ही बांधकामे कमीअधिक खचतात. भेग नेमकी जोडावर पडते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात पाणी तीच भेग शोधून काढते. लाकडी सांगाडा हलका असतो. त्याला उथळ पाया पुरतो, शेजारच्या माडांच्या मुळांना फारसा धक्का लागत नाही, आणि उद्या नकोसा झाला तर तो सुटाही करता येतो. जगातील कर्बवायूच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून होते, हा हिशेब त्यानंतरचा.

पण लाकूड म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही, हे समीकरणही मला मान्य नाही. परसातला फणस तोडून किंवा परदेशी सागवान आणून बांधलेल्या खोलीला मी ते विशेषण लावणार नाही. (फणस घरचा असला तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार त्याला परवानगी लागते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) आम्ही शेजारच्या गावात पाडलेल्या एका घराच्या तुळया आणि वासे विकत घेतले. सुताराने एकेक तुळई ठोकून, आवाज ऐकून निवडली. बाहेरचा कच्चा भाग तासून गाभा तेवढा ठेवला. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर उभे केले, कारण वाळवी मातीतून वर चढते. तळखड्यावरून चढली तरी तिची वाट निदान डोळ्यांना दिसते. एका तुळईला पाळण्याची कडी होती, ती त्याने तशीच राहू दिली. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला हा सारा विवेक ओळखीचा वाटला, एवढे नोंदवून ठेवतो.

न्हाणीघरात मात्र माझा पराभव झाला. तिथे जांभा, सिमेंट आणि फरशी. दादा तेवढ्यावर समाधानी आहे. शेवटचा वाद उंबरठ्याचा झाला. आई म्हणाली, पाय अडखळतो, उंबरठा नको. उंबरठ्याविना दार सुताराला पटेना. अखेर त्याने फणसाची एक फळी जमिनीच्या पातळीत बसवली.