काकांचं रक्त आणि कॉम्प्युटरचं गणित

शेजारच्या काकांसोबत मी शहापूरहून भंडाऱ्याला डायलिसिससाठी गेलो. चार तास नळीतून फिरणारं रक्त बघत बसलो. मिनिटाला साधारण 300 मिली. वाटेत पेशी फुटल्या तर?

धोका खरा आहे. तांबडी पेशी जेमतेम 8 मायक्रॉनची. अरुंद जागी प्रवाहाचा ताण वाढला की ती फुटू शकते. कोपऱ्यात रक्त रेंगाळलं की गुठळी होऊ शकते. म्हणून पंप-नळी बनवण्याआधी इंजिनिअर अशा जागा सिम्युलेशनमध्ये शोधतात. ओपनफोम हे त्यासाठीचं फुकट सॉफ्टवेअर. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो.

पण स्क्रीनवरचे रंग म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने एका साध्या नळीचं गणित जगभरातल्या गटांना सोडवायला दिलं. 28 उत्तरं आली. 2012 मध्ये निकाल छापला, तर उत्तरांत एकमेकांत फरक, आणि अनेकांचं प्रयोगाशीही जुळेना!

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. त्यामुळे कंपनीने सिम्युलेशन दाखवलं, तर पहिला प्रश्न हाच हवा: प्रयोगाशी पडताळलं का? काकांच्या हातात सुई जाते, ती या उत्तराच्या भरवशावर.