कुंडीतल्या गोळ्या

गेल्या पावसाळ्यात मोगऱ्याची कुंडी बदलताना मातीतून गोळ्या निघाल्या. दहा-बारा तरी असतील, ओलीने रंग उडालेल्या. माझ्या १२ वर्षांच्या नातीला अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे तेव्हा नुकतेच कळले होते. मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा हा आजार. शौचावाटे रक्त जायचे, वजन उतरले होते. त्यासाठी मेसालामाइनच्या गोळ्या सुरू होत्या आणि पोर त्या मातीत पुरत होती.

"आजोबा, गोळीनंच जास्त दुखतं," ती म्हणाली. औषधाने कधी दुखणे वाढते का? मी हाडाचा मास्तर. मुलांची नाटके ओळखण्याचा मला भारी अभिमान. समोर बसवून गोळी गिळायला लावू लागलो. तिसऱ्या दिवशी ताप चढला, रक्तही वाढले. आजार बळावला असे समजून आम्ही डॉक्टरांकडे धावलो.

त्यांनी आम्हाला बाजूला बसवून तिलाच विचारले, "कोणत्या दिवशी घेतल्यास, कोणत्या दिवशी नाही?" तिने बोटांवर मोजून सांगितले. मध्यंतरी आठवडाभर तिला बरे वाटत होते, तेव्हा 'बघ, गोळीचा गुण आला' म्हणून आम्ही पेढे वाटले होते. त्या आठवड्यातल्या सगळ्या गोळ्या कुंडीत होत्या! डॉक्टरांनी औषध थांबवले. दोन दिवसांत ताप उतरला.

हे औषध काही थोड्या रुग्णांना मानवतच नाही. पंचाईत अशी की, ताप, पोटदुखी, रक्ती जुलाब ही त्याची लक्षणे आजारासारखीच दिसतात. या औषधाचा पूर्वजही असाच. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी १९४२ साली सल्फासॅलाझिनची माहिती प्रसिद्ध केली. त्याने पुष्कळांचे भले झाले, पण डोकेदुखी, मळमळ पाठीस लागे. तो त्रास बहुतांशी त्यातल्या सल्फाच्या भागाचा. आतड्यावर काम करतो तो दुसराच भाग, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दाखवले. तो भाग म्हणजेच मेसालामाइन. आता तोही कुणाकुणाला सोसत नाही, त्याला काय करायचे?

औषध सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे. आजार वर्षानुवर्षांचा आहे. (काढे सुचवणारे शेजारी आमच्याकडेही येऊन गेले.) काही आठवडे स्टेरॉइड दिले. चेहरा सुजला, शाळेत मुले चिडवू लागली. ते दीर्घकाळ दिले तर वाढ खुंटते, म्हणून पुढे अ‍ॅझाथायोप्रिन ठरले. त्याआधी रक्ताची एक जनुकीय चाचणी झाली. 'एनयूडीटी१५' या जनुकातील ठरावीक बदल युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतो; तो असलेल्या मुलाला नेहमीचा डोस दिल्यास पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात, केस गळतात. नातीचा अहवाल चांगला आला. तरीही नेमाने रक्त तपासावे लागतेच.

नव्या गोळीनेही सुरुवातीला मळमळायचे. या वेळी तिने लपवले नाही, आणि मीही डोळे वटारले नाहीत. डॉक्टरांनी ती रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली.

आता तिची एक वही आहे. गोळी किती वाजता, पोट कसे, शौचाला किती वेळा, सगळे ती स्वतः लिहिते. मला वाचायला देत नाही. पुढच्या मंगळवारी ती डॉक्टरांना दाखवायची आहे.