शर्यतीआधीचा शनिवार

मैत्रिणींनो, संक्रांत आली की आपल्याला तिळगूळ, हळदीकुंकू आणि वाणाच्या वस्तू आठवतात. पण हल्ली बऱ्याच घरांत याच सुमारास आणखीही एक तयारी चालू असते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन असते ना, तिची! २००४ साली ही शर्यत सुरू झाली आणि आता बाहेरगावचीही कितीतरी माणसं तिच्यासाठी मुंबई गाठतात. एकटी नव्हे, घरच्यांसकट! धावणारं एकच, बरोबर मात्र चार-पाच जण. मुलांना मुंबई बघायची असते, सासूबाईंना लेकीकडे उतरायचं असतं. दोन दिवसांची सहलच म्हणा ना!

तुमच्याही घरी असा बेत ठरला असेल, तर आज आपण आदल्या दिवसाचं, म्हणजे शनिवारचं बोलू या. पूर्ण शर्यत ४२.१९५ किलोमीटरची आणि अर्धी तिच्या निम्मी. तिचा सराव कित्येक महिने चाललेला असतो. शनिवारी त्यात काही भर घालता येत नाही. केलेलं वाया मात्र घालवता येतं.

हा धोका घरातली बाई धावणार असेल तर जास्तच. यजमान धावणार असले की शनिवारी घर कसं चिडीचूप असतं. “बाबांना पडू द्या रे जरा,” असं आपणच मुलांना दटावतो. पण आई धावणार असली तर? वाटेतल्या दशम्या तिनेच करायच्या, बॅगा तिनेच भरायच्या, धाकट्याचा हरवलेला मोजा तिनेच शोधायचा. मग रात्री अकराला पाठ टेकायची आणि तीनला उठून धावायला जायचं. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा!

बायकांना रस्त्यावर धावू देण्यासाठीसुद्धा जगात केवढा झगडा झाला! अमेरिकेतल्या बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्वित्झर ही तरुणी धावत होती, तेव्हा शर्यतीच्याच एका अधिकाऱ्याने तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. ती डगमगली नाही, शर्यत पुरी केली. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला १९७२ साली आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ मध्ये. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या ललिता बाबरने २०१२ पासून ओळीने तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे रस्ता आता मोकळा झाला. राहिला आहे तो घरातला शनिवार. तो मोकळा करणं मात्र आपल्याच हातात आहे.

त्यासाठी शुक्रवारी रात्रीच एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम लिहा. प्रवासाचं खाणं, मुलांचे कपडे, आजींची औषधं, रिक्षा-टॅक्सी, सगळं. धावणारीच्या नावापुढे दोनच कामं येऊ द्या: आपला क्रमांक आणणं आणि आपली पिशवी भरणं.

हा क्रमांकाचा कागद, ज्याला सगळे बिब म्हणतात, रविवारी सकाळी मिळत नाही. तो आधीच जाऊन घ्यावा लागतो. गेली काही वर्षं वांद्रे-कुर्ला संकुलात तो देतात. ओळखपत्र विसरू नका. जमल्यास शुक्रवारीच मुंबईत पोचा. नाहीतर शनिवारी सकाळी लवकर जाऊन या. तिथे बुटांची, कपड्यांची दुकानं मांडलेली असतात. बघायला हरकत नाही, पण दोन-दोन तास पाय मोडत हिंडू नका. आणि नवे बूट घेतलेच तर ते पुढच्या महिन्यासाठी. उद्या पायात जुनेच हवेत, सरावलेले. मोज्यांचं, आतल्या कपड्यांचंही तेच. काखेत, मांड्यांना घासतं तिथे व्हॅसलीन लावायचं, तेही सरावात लावून पाहिलेलं असावं.

मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे असतील, तर यजमान नेतील की! धावणारीने दुपारी पाय उशीवर ठेवून पडावं. सगळ्यांनी मिळून फिरायचं असेल तर रविवारची संध्याकाळ आहेच.

आता जेवणाचं. आदल्या दिवशी पोटात भात, बटाटा, पोळी असे पदार्थ जास्त हवेत, कारण त्यांतून मिळणारी साखर शरीर स्नायूंत साठवून ठेवतं आणि उद्या तीच कामी येते. पण म्हणून रात्री ताटभर जेवायचं नाही हं! दुपारचं जेवण पोटभर, रात्रीचं हलकं आणि सात-साडेसातपर्यंत. वरणभात किंवा मऊ खिचडी उत्तम. दही रोजच्या सवयीचं असेल तर दहीभातही चालेल. उसळी, कोशिंबिरी, तळण, झणझणीत रस्सा आणि चौपाटीवरची भेळ एक दिवस लांब ठेवा.

आणि इथेच खरी पंचाईत येते, आग्रहाची! समजा, तुम्ही दादरला नणंदेकडे उतरलात. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे वन्संनी गुळाच्या पोळ्या केलेल्या असणार, वर तुपाची धार. त्यातून शनिवारी संध्याकाळीच त्यांचं हळदीकुंकू! तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन मदतीला उभं राहणार, पंचवीस बायकांना वाकून नमस्कार करणार आणि पायांची वाट लागणार. तेव्हा आठवडाभर आधीच फोन करून गोडीत सांगून ठेवा, “वन्सं, शनिवारी मी पाहुणी बरं का! पोळ्या रविवारी दुपारी खाईन, मोजून चार.” हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. आणि वन्सं, तुम्ही हे वाचत असाल, तर वहिनीला त्या संध्याकाळी खुर्ची द्या, ट्रे नको.

पाण्याबद्दलही थोडं सांगते. “भरपूर पाणी पी,” असं जो तो सांगतो. दिवसभर तहानेप्रमाणे प्यावं, हे खरं. पण तांब्यामागून तांब्या रिचवू नये. फार पाणी पोटात गेलं की रक्तातलं मिठाचं प्रमाण उतरतं आणि ते जिवावरही बेतू शकतं. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरातल्या तेरा जणांत हे प्रमाण खाली गेलेलं आढळलं. म्हणून तहान लागेल तेवढंच पाणी प्या, शनिवारीही आणि धावतानाही. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत बरं.

पाळीची तारीख नेमकी रविवारी येत असेल तर घाबरू नका. बरं वाटत असेल तर पाळीत धावायला काहीच हरकत नाही. मात्र पाळी पुढे ढकलायची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. डॉक्टरांना विचारूनच, तेही पुष्कळ आधी. दुखू नये म्हणून धावण्याआधी वेदनाशामक गोळ्याही घेऊ नयेत. तशा वेळी त्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो. आणि शनिवारी ताप असेल, छातीत दुखत असेल, तर रविवारी धावायचं नाही. इतका खर्च केला, सगळे आले, लोक काय म्हणतील, असलं काहीही मनात आणू नका. शर्यत दरवर्षी असते.

संध्याकाळी पिशवी भरा. बिब सदऱ्याला चार पिनांनी आजच लावून टाका. मागच्या बाजूला घरच्यांचा फोन नंबर आणि काही आजार असल्यास तो लिहा. बूट, मोजे, टोपी, केळं, एक पॅड, थोडे सुटे पैसे. हौशी धावपटूंच्या मोठ्या शर्यती पहाटे पाचच्या सुमारास सुटतात, तेव्हा स्टेशनवर कसं पोचायचं ते आजच ठरवा. त्या दिवशी पहाटे जादा लोकल सोडतात, त्यांच्या वेळा बघून ठेवा. बरेच रस्ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

मग नऊला दिवा मालवायचा. झोप येईलच असं नाही! गजर वाजेल की नाही, या काळजीनेच डोळा लागत नाही. लागली नाही तरी बिघडत नाही. शुक्रवारची रात्र नीट झाली असेल तर ती पुरते. नुसतं पडून राहावं. गजर यजमानांनी लावावा आणि चहाही त्यांनीच करावा.

घरच्यांनी सकाळी उगीच सुरुवातीच्या गर्दीत शिरू नये. शेवटच्या काही किलोमीटरांत, मरीन ड्राइव्हच्या बाजूला उभं राहावं. तोवर ऊन चढलेलं असतं, पाय जड झालेले असतात. तिथे “आई, चल, आलंच!” ही हाक ऐकू आली की दहा केळ्यांचं बळ येतं. भेटायची जागा मात्र आदल्या दिवशीच नक्की करा; गर्दीत फोन लागेलच असं नाही.

आणि शेवटी एकच विनंती. हे पान वाचून झालं की घडी घालून ठेवू नका. यजमानांपुढे, चहाच्या कपाशेजारी उघडं ठेवा. शनिवारच्या कामांचा कागद कुणाच्या हस्ताक्षरात लिहायचा, ते त्यांच्या आपोआप लक्षात येईल!